कुलूप असेल तर सरासरी

पाच दिवसांचं काम, दिवसाला साडेचारशे.
टॅब त्यांचा, चप्पल माझी.
पंख्याखाली गोऱ्हेसाहेबांनी शिकवलं:
फक्त विचारायचं, समजावून सांगायचं नाही,
सुचवायचं तर मुळीच नाही.
एक म्हणजे अतिशय असमाधानी, पाच म्हणजे अतिशय समाधानी.
घर बंद असेल तर दोनदा जा,
तिसऱ्यांदाही कुलूप असेल
तर शेजारच्या घरांची सरासरी आपोआप पडेल.

पाण्याला बारा, हवेला आठ, करमणुकीला पाच.
ही वजनं कुणी ठरवली, सर?
वजनं वरून येतात, म्हणाले.
गुजरीत कुणी असं म्हणालं असतं
तर गिऱ्हाईक उठून शेजारच्या पेढीवर गेलं असतं.
मी टॅब चार्जिंगला लावला.

शुक्रवार पेठ. गुणाबाई सातपुते, वय अंदाजे सत्तर.
पाणी किती वेळ येतं?
'नळाचं का नदीचं?'
भिंतीवर निळ्या ऑइलपेंटची रेघ, रेघेवर साल,
आणि त्याच भिंतीवर पेन्सिलीनं नातवाची उंची,
दर दिवाळीला एक खूण.
पोरगं अजून वीतभर खाली आहे.
टॅबवर होतं : पूर, होय किंवा नाही.
होय.
एकंदर समाधान?
'पाच लिव्ह.'
आजी, खरं सांगा, म्हणाले मी
(हे म्हणायची परवानगी नव्हती).
'अगं, कमी मार्क दिलं तर गाव जाणार कुठं?
हितंच बसंल न्हवं माझ्या उशाला, रुसून.'

गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर रात्री बाबालाल शिकलगार,
हातात आत्ताच काढलेल्या धारेचा पेला, मिशीला फेस.
रात्री दहानंतर सार्वजनिक ठिकाणी सुरक्षित वाटतं का?
त्यांनी म्हशीकडं बघितलं.
'हिला इचारा. मी कधीमधी येतो, ही रोज हाय.'

तालमीच्या दारात वस्तादांनी मलाच प्रश्न घातला.
'किती गावं हैत यादीत?'
एकशे अकरा.
'कुणाची कुणाबरं लागली?'
लागत नाही, वस्ताद. गुणांवर असतं.
'म्हंजे पाठ कुणाचीच मातीला लागली न्हाई,
आन् नंबर लागला?'
मांडीवरची तांबडी माती झाडत ते इतके हसले
की आत जोर मारणारी पोरं थांबली.

राजारामपुरी, तेरावी गल्ली. हेर्लेकर.
दुधाच्या पिशवीचा हूक रिकामा,
दाराच्या फटीत विजेची तीन बिलं.
सोमवारी कुलूप. बुधवारी कुलूप.
शुक्रवारी मी कडीला उगाच हात लावून बघितला,
मग बटण दाबलं.
एक गोल फिरला, आकडे आले :
पाणी तीन पूर्णांक चार, शेजार चार, रस्ते दोन पूर्णांक एक.
कुणीच नसलेल्या त्या घरात
माझ्या डोळ्यांदेखत
बऱ्यापैकी सुखी एक कुटुंब राहायला आलं.

मार्चमध्ये निकाल लागला. एकोणचाळीसावं.
पानपट्टीवर कुणाचा विश्वास बसेना;
आमच्या रिक्षांच्या पाठीवर तर
जगात भारी कधीचंच लिहिलेलं.
एकजण म्हणाला, सांगली कितवी?
खाली.
'मग झालं तर,' आणि त्यानं चुना मागितला.
गुणाबाईचे पाच, म्हशीचं काहीच नाही,
हेर्लेकरांचे नसलेले तीन पूर्णांक दोन,
सगळं त्या एकोणचाळीसात विरघळलेलं.
चमच्यानं ढवळून शोधलं तरी सापडलं नसतं.

पगार अजून निघायचा आहे.
परवा त्याच गल्लीतून येताना
हेर्लेकरांचं दार उघडं दिसलं.
पायरीवर एक म्हातारा, बनियनवर,
कडक झालेली नळी उलगडत होता.
माझ्याकडं टॅब नव्हता, ओळखपत्रही नव्हतं.
तरी त्यानंच हाक मारली :
'ओ ताई, पाणी किती वाजता येतंय आता हितं?'

पहाटे साडेचार, म्हणाले. कधी पाच.
मान हलवून त्यानं बादली
नळाखाली सरकवून ठेवली.